‘पिया का घर’, ‘मुंबईचा जावई’ आणि गिरणीच्या चाळीतली आमची खोली

कट्ट्यावरची

मंडळी, गेल्या महिन्यात आईसोबत ‘पिया का घर’ पुन्हा पाहिला. या आधी कितीदा पाहिला ते मोजलेलं नाही. पण या वेळी पाहून झाल्यावर आई जे बोलली, त्यामुळे धागा काढल्याशिवाय राहवेना. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. १९७२ चा, राजश्रीचा, बासू चटर्जींचा सिनेमा. जया भादुरी आणि अनिल धवन. गावाकडच्या ऐसपैस घरात वाढलेली मालती लग्न होऊन मुंबईला चाळीत येते. सासू, सासरे, मोठे दीर-जाऊ, धाकटा दीर, वर येणारे-जाणारे, पत्त्यांचे डाव, आणि या सगळ्यांना मिळून जागा किती, तर एवढीशी. नव्या जोडप्याचं अंथरूण स्वयंपाकघरात. दिवा मालवला की कुणाला तरी काहीतरी हवंच असतं. शेवटी माहेरचं माणूस येतं, पोरीचे हाल बघतं आणि तिला घेऊन जायला निघतं. तेव्हा घरातले सगळे आपापलं बिऱ्हाड दुसरीकडे हलवायला तयार होतात, सुनेला जागा व्हावी म्हणून. ते बघून मालती जात नाही.

गोष्ट मुळात आपल्या मराठीतली. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली आला, त्यावरून हा हिंदी निघाला. गदिमा आणि बाबूजींची (सुधीर फडके) गाणी. आमच्या घरी दोन्ही सिनेमे इतके एकमेकांत मिसळलेत की लहानपणी मला वाटायचं, जया भादुरी ‘का रे दुरावा’ म्हणते. चित्र हिंदीतलं आणि गळा आशाबाईंचा, असा एकच सिनेमा माझ्या डोक्यात होता.

मला तो इतका का आवडतो? त्यात कुणीही वाईट नाही म्हणून. सासू छळत नाही, जाऊ टोमणे मारत नाही, दारुडा दीर नाही. सगळे मनापासून चांगले आहेत आणि तरीही दोन माणसांना चार शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून कुणाला खलनायक करता येत नाही. आणि दोघांना एकांत हवासा वाटतो यात लाजण्यासारखं काही आहे असंही सिनेमा एकदासुद्धा म्हणत नाही. पन्नास वर्षांपूर्वी, घरातल्या सगळ्यांनी शेजारी शेजारी बसून बघायच्या सिनेमात हे इतक्या साधेपणाने सांगितलंय.

आता आमची खोली.

माझे आजोबा सोलापूरच्या गिरणीत साचे (माग) खात्यात. वडीलही तिथेच, आधी बदली (गैरहजर कामगाराच्या जागी) म्हणून लागले. चाळ बैठी, पुढे दगडी कट्टा, आत एक खोली आणि मागे पडदा लावून केलेली चूल-मोरी. आजी-आजोबा, वडील, दोन काका, लग्नाची आत्या. आई मंगळवेढ्याकडची. तिच्या माहेरी चौसोपी वाडा, ज्वारीची पेवं, दारात बैल. वैशाखात, १९७२ ला लग्न झालं. आणि पुढचा पावसाळा आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडे कसा होता हे घरोघरी माहीत आहे. गावाकडचे आजोबांचे चुलतभाऊ बायकोपोरासह काम शोधत सोलापूरला आले, ते सरळ आमच्या खोलीत. रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरी थापताना आईला रडू यायचं, कारण पिठाला चिकटपणाच नसायचा. मंगळवेढ्याच्या पोरीला भाकरी थापता येत नाही असं कुणी म्हणू नये, याची तिला फार काळजी.

म्हणजे मालतीचीच गोष्ट, फक्त मुंबईऐवजी सोलापूर. नवं जोडपं पडद्यामागे, चुलीजवळ.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. चाळीत एकाकडे टीव्ही आला होता. एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ‘पिया का घर’ लागला. सगळी चाळ त्या एका खोलीत आणि दाराबाहेर. मी आठ-नऊ वर्षांची. आजी सगळ्यात पुढे बसलेली. आईही आली होती. स्वयंपाकघरात अंथरूण घालतात तो भाग आला आणि आई उठून गेली. मला वाटलं, पाणी आलं असेल. आजी मात्र मागे न बघता म्हणाली, “हा म्या आधी बघितलाय.” एवढंच.

गेल्या महिन्यात तोच भाग आला. आता आमच्याकडे बसायला सोफा आहे आणि बघायला आम्ही दोघीच. मी आईला विचारलं, तेव्हा उठून का गेली होतीस गं? आई बराच वेळ गप्प. मग सांगायला लागली.

१९७२ च्या मार्गशीर्षातली गोष्ट. शेजारच्या बायकांनी आजीला ओढून सिनेमाला नेलं. आजीला हिंदी येत नव्हतं, आयुष्यात पाहिलेले सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही देवादिकांचे. संध्याकाळी परत आली, जेवली, काही बोलली नाही. रात्री सगळ्यांची अंथरुणं पडली तशी उठली, आपली वाकळ काखेत मारली आणि म्हणाली, “लै उकडतंय आत. मी कट्ट्यावर निजते.”

डिसेंबरात. बाहेर कुडकुडायला होत होतं.

आजोबा म्हणाले, उकडतंय? आजी म्हणाली, “व्हय. तुमालाबी उकडतंय. चला.” मग काकांना म्हणाली, तुमालाबी. गावाकडचे पाहुणे न बोलता आपणहून उठले. आत्या सोळा वर्षांची, तिला काही कळेना, ती म्हणे मला तर थंडी वाजतेय, तर आजीने तिला वाकळेसकट उचलून बाहेर नेलं. नऊ माणसं कट्ट्यावर ओळीने. आणि आजीने बाहेरून दार ओढून घेतलं.

आई म्हणाली, “मला इतकी लाज वाटली की मी रात्रभर रडले. तुझे बाबा म्हणाले, अगं रडतेस काय, आई बाहेर गारठलीय ती आपण रडावं म्हणून का?” मग दोघं हळूहळू बोलायला लागले. लग्नाला सात महिने झाले होते आणि तोवर सलग दहा मिनिटं बोलणं झालेलं नव्हतं. वडिलांना वांगं आवडत नाही हे तिला त्या रात्री कळलं. सात महिने ती त्यांना वांगं वाढत होती.

आजीला कुठून सुचलं हे आईला ठाऊक नव्हतं. त्या रविवारी टीव्हीवर ते स्वयंपाकघर दिसलं आणि पुढ्यात बसलेली आजी म्हणाली “हा म्या आधी बघितलाय”, तेव्हा बारा वर्षांनी तिला उलगडा झाला. म्हणून ती उठून गेली होती. मोरीत जाऊन तोंड धुतलं म्हणाली.

आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला तिच्याविषयी हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे या सिनेमाच्या, किंवा अशा खोल्यांच्या आठवणी असतील तर लिहा.

---

कडकभाकरी

ताई, “तुमालाबी उकडतंय” वाचून डोळ्यांत पाणी आलं ओ. लै मोठ्या मनाची आजी. आमच्या आईला आत्ता मोठ्याने वाचून दाखवला सगळा धागा. ती म्हणते, मिलोच्या भाकरीला उकड काढून पीठ मळायचं, तरच थापायची. तुमच्या आईंना सांगा, त्यांचा काही दोष नव्हता, ते धान्यच तसं होतं.

---

रातपाळी

आमच्या तीन पिढ्या गिरणीत. १८७७ ची जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. कुणाच्या ना कुणाच्या भोंग्यावर सगळं गाव उठायचं. जुनी मिल १९६३ ला बंद झाली तेव्हा आजोबा नरसिंग गिरजीत गेले.

सिनेमात नाही अशी एक गोष्ट सांगतो, ती गिरणीच्या खोल्यांतच व्हायची. पाळ्या. आमच्या खोलीत तीन भाऊ, तिघांची लग्नं झालेली. एक पहिल्या पाळीला, एक दुसरीला, एक रातपाळीला. पाळी बदलली की खोलीतलं सगळं गणित बदलायचं. कोण कधी घरी, कोण कधी झोपणार, कुणाची बायको त्या वेळी धुण्याला जाणार, हे मोठी काकू ठरवायची. कधी तोंडाने बोलली नाही. फक्त म्हणायची, “चला गं, आज धुणं जास्त आहे, सगळ्याच जाऊ.” एक जण मागे राहायची. लहान असताना आम्हाला वाटायचं, ही काकू रोज वेगळीला सुट्टी देते.

तुमच्या आजीने एका रात्रीत केलं ते आमच्या काकूने वीस वर्षं केलं असं आता वाटतंय. कधी विचारच केला नव्हता या बाजूने. धन्यवाद.

---

जुना_प्रेक्षक

सुंदर लेखन. सिनेमाबद्दल थोडी भर घालतो.

बासुदांचा पहिला सिनेमा ‘सारा आकाश’, १९६९ चा. तोही एकत्र कुटुंबातल्या नव्या जोडप्याचाच, आग्र्याच्या जुन्या घरातला. राजेंद्र यादवांच्या कादंबरीवरचा. त्यात जागा पुष्कळ आहे, गच्ची आहे, जिने आहेत, खोल्या आहेत. पण नवरा-बायको एकमेकांशी बोलतच नाहीत. घर मधे येऊन बसलंय. आणि ‘पिया का घर’मध्ये दोघांना बोलायचंय, तर जागाच नाही. एकाच दिग्दर्शकाने तीन वर्षांच्या अंतराने एकच प्रश्न दोन्ही टोकांनी पकडून पाहिला असं मला नेहमी वाटतं. ‘सारा आकाश’ बघताना जीव घुसमटतो, ‘पिया का घर’ बघताना हसू येतं. पण हसताना आपण पहिल्याची घुसमट विसरलेलो नसतो.

पुढे ‘खट्टा मीठा’मध्ये (१९७८) त्यांनी दोन भरलेली घरं एकत्र आणली, ‘बातों बातों में’मध्ये (१९७९) आईच्या पुढ्यात प्रेम जमवलं. घरातली माणसं अडचणही आणि आधारही, हे त्यांच्याइतकं कुणी सांभाळलं नाही. २०२० च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मी ओळीने सगळे पाहिले होते.

आणि ‘ये जीवन है’. आनंद बक्षींचे शब्द, लक्ष्मीकांत-प्यारेलालचं संगीत. किशोरकुमार इतक्या हळू आवाजात गातो, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. त्या सिनेमात दुसऱ्या कुठल्या आवाजात गाणं शोभलंच नसतं.

---

कट्ट्यावरची

@रातपाळी, तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा. असतील ना त्या?

@जुना_प्रेक्षक, “शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय” हे आता गाणं ऐकताना दर वेळी आठवणार. ‘सारा आकाश’ मी पाहिलेला नाही, आईसोबत बघण्यासारखा आहे का?

---

रातपाळी

काकू आहेत. ब्याऐंशी पूर्ण. अजून घरात कोण कधी काय करणार ते त्याच ठरवतात.

---

जुना_प्रेक्षक

आईसोबत बघण्यासारखा आहे, पण त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका. मन जड होतं.

---

पूर्वभागवाली

आमचं घर साखर पेठेत. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. खाली चार माग, वर राहायला दीड खोली. त्या दीड खोलीत अकरा माणसं.

माझ्या वदिनाने (मोठ्या भावाच्या बायकोने) मला एकदा सांगितलं होतं, ते इथे लिहिते. ती वरंगळकडून आली. मराठी येत नव्हतं, आमच्याकडची तेलुगूही तिला वेगळी वाटायची. नवऱ्याशी बोलायला ती मागावर जायची. भाऊ माग चालवायचा आणि ती शेजारी कांड्या भरत बसायची. यंत्रमाग सुरू असला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. खटाखट, खटाखट. त्यामुळे दोघं सगळ्यांसमोर बसून वाट्टेल ते बोलायचे आणि कुणालाही एक अक्षर कळायचं नाही. ओठ हललेले दिसायचे, बस्स. अत्ता (तिची सासू) समोर बसून टॉवेलांच्या घड्या घालायची.

वीज गेली की माग थांबायचे आणि दोघांचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. वदिना म्हणायची, वीज गेल्याचं दुःख मालकाला नसेल इतकं मला व्हायचं.

ती आता नाही. भाऊ अजून मागावर बसतो. एकटा बसला तरी शेजारचं स्टूल हलवू देत नाही.

---

कडकभाकरी

पूर्वभागवाली, काय लिहिलंय तुम्ही. चादरीकडे आता निराळ्या नजरेने बघेन.

---

जुई_२९

सगळ्यांच्या आठवणी वाचून भारावले आहे, तरी एक गोष्ट मनात येते ती लिहिते. कुणाला दुखवायचं नाही.

मी सोलापूरची, सध्या पुण्यात नोकरी. या धाग्यामुळे काल पहिल्यांदा ‘पिया का घर’ पाहिला. आवडला. जया भादुरी तर फारच. ‘गुड्डी’ नंतर लगेचचा तिचा हा काळ, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं दिसतं. पण शेवट मला पोचला नाही. घरातले सगळे त्याग करायला निघतात आणि ते बघून ती राहते. इतकी चांगली माणसं समोर उभी राहिल्यावर ती जाणार तरी कशी? तिला खरंच काय हवं होतं हे कुणी शांतपणे बसून विचारतच नाही. वाईट सासर सोडून जाता येतं. चांगलं सासर सोडून जायला तोंड कुठे असतं?

कट्ट्यावरची ताई, तुमच्या आजी खरोखर थोर. पण तुमच्या आईंना कुणी विचारलं होतं का, तुला काय हवंय म्हणून?

---

बाळीवेस

जुई, तुमचं म्हणणं पटतं आणि नाहीही पटत. तेव्हा विचारण्याची रीतच नव्हती, मुलीलाही नाही आणि मुलालाही नाही. अनिल धवनलाही त्या घरात कोण विचारतं? तोही बिचारा सगळ्यांच्या मधे अडकलेलाच आहे.

पण विचारत नसले तरी ओळखत होते, हा सिनेमाचा जीव आहे. आजीने विचारलं असतं तर सून काय म्हणाली असती? “नाही हो, काही त्रास नाही.” शंभरातल्या नव्याण्णव सुना हेच म्हणाल्या असत्या. म्हणून तिने विचारलं नाही, वाकळ उचलली.

जाता जाता एक आठवण. लग्नानंतरची पहिली संक्रांत, गड्ड्याची जत्रा. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता असतात. सातही काठ्या (नंदीध्वज) आलेल्या, लाखो माणसं, “हर्र बोला हर्र”चा गजर. आमच्या घरच्या गर्दीत मी बायकोचा हात कधी धरला नव्हता. त्या गर्दीत धरला, कारण सुटली असती तर सापडली नसती. दोघांनी अक्षता टाकल्या आणि गड्ड्यावर रात्री दहापर्यंत फिरलो. एवढ्या माणसांत आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. घरी आईने विचारलं, एवढा उशीर? बायको म्हणाली, गर्दी होती. अडतीस वर्षं झाली, दर भोगीला जातो, अजूनही हात धरून.

---

सूप_आणि_पान

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा.

आई विडी कामगार. मांडीवर सूप, दिवसभर विड्या वळायची. आम्ही भाड्याच्या एका खोलीत सहा जण. त्या खोलीत तंबाखूचा वास, पानांचा ओलावा आणि माणसं. आईला ‘मुंबईचा जावई’मधलं ‘आज कुणीतरी यावे’ फार आवडायचं. विड्या वळताना गुणगुणायची. मला तेव्हा कळायचं नाही की इतक्या गर्दीत बसलेल्या बाईने अजून कुणी यावं असं का म्हणावं.

२००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर घरकुल झालं, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, त्यातलं एक आईला मिळालं. तिच्या नावावर. चावी घेऊन आलो त्या दिवशी ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वडील घाबरले, हाका मारायला लागले. आतून म्हणाली, “काही नाही ओ. दार लावून बसलेय. कधी बसलेच नव्हते.”

जुईताई, तुम्ही विचारलंत ना तिला काय हवं होतं. माझ्या आईला ते हवं होतं. एक दार, आतून कडी असलेलं. नवरा-बायकोला एकांत पाहिजे यावर सिनेमा निघाला, बाईला एकटीला एकांत पाहिजे यावर अजून निघायचाय.

---

जुई_२९

सूप_आणि_पान, तुम्ही लिहीत राहा, प्लीज. मी एवढंच म्हणत होते, तुम्ही ते नीट सांगितलंत.

---

खिडकीची_जागा

गाण्यांवर कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो. ‘मुंबईचा जावई’तलं ‘प्रथम तुज पाहता’ रामदास कामतांनी गायलंय. नाट्यसंगीताचा कसलेला गळा, आणि शब्द एका नव्या प्रेमाचे. बाबूजींनी स्वतः न गाता ते कामतांना दिलं, यात त्यांचं मोठेपण दिसतं मला.

‘का रे दुरावा’ मात्र माझं सगळ्यात जवळचं. अबोला धरलेल्या माणसाला विचारणं आहे ते. मोठ्या घरात अबोला धरला तर तो दोघांपुरता राहतो. एका खोलीत धरला की सगळ्या घराला ऐकू येतो. आमच्याकडे आई-बाबांचा अबोला झाला की आजोबा रेडिओचा आवाज वाढवायचे. आकाशवाणीवर हेच गाणं लागलं होतं एकदा. बाबा हसले, आई हसली, मग आजोबांनी रेडिओ बंद केला. मी सहावीत होतो.

---

कट्ट्यावरची

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण जुईचा प्रश्न घेऊन आईकडे गेले होते. वाचून दाखवला. “तुमच्या आईंना कुणी विचारलं होतं का?”

आई म्हणाली, विचारलं होतं. माझ्या वडिलांनी.

त्र्याहत्तरच्या पंचमीला ती माहेरी गेली होती. मंगळवेढ्याच्या आजोबांनी तिचं उतरलेलं तोंड बघितलं. दुसऱ्या दिवशी झोक्यावरून उतरवून वाड्याच्या सोप्यात बसवलं आणि म्हणाले, तुला जायचं नसेल तर नको जाऊ, मी बघतो. आई म्हणते, “मी म्हणाले, मला जायचंय. पण त्या खोलीत नाही.”

म्हणजे मालती जे बोलली नाही ते माझी आई बोलली होती. मला पन्नास वर्षांची होईतोवर माहीत नव्हतं.

दोन महिने ती माहेरी राहिली. वडील दर रविवारी एसटीने यायचे, संध्याकाळी परत. आणि सोलापूरच्या आजीने काय केलं? रागावली नाही, बोलावणं धाडलं नाही. आपल्या हातातल्या पाटल्या मोडल्या आणि त्याच चाळीत, चार दारं सोडून, रिकामी झालेली खोली पागडी देऊन घेतली. मग वडिलांना म्हणाली, आता आण तिला. दसऱ्याला आई आली ती त्या खोलीत. स्वयंपाक दोन्हीकडचा एकत्रच व्हायचा, आजीच्या खोलीत. फक्त रात्री चार दारं चालून जायचं.

आईने सांगितलं, “सासूबाईंना पाटल्यांबद्दल मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. हात मोकळे दिसायचे, तेवढंच.” मी मोठी झाल्यावर आजीच्या हातात कायम काचेच्या बांगड्याच पाहिल्या. मला वाटायचं, तिला त्याच आवडतात.

जुई, तू विचारलं नसतंस तर हे बाहेर आलं नसतं.

अजून एक. पुढे दुष्काळ सरला, पाहुणे गावाकडे गेले, काका वेगळे झाले, आत्याचं लग्न झालं. खोलीत दोनच माणसं राहिली. तरी आजी कट्ट्यावरच झोपायची. पावसाळा सोडला तर बाराही महिने. मी लहानपणी तिच्याजवळच झोपायचे, त्याच वाकळेत. रातपाळीचा भोंगा झाला की ती कूस बदलायची. मी विचारायचे, आज्जे, आत का नाही निजत? म्हणायची, “उकडतंय गं.”

---

पूर्वभागवाली

🙏

---

रातपाळी

काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, कुठली चाळ, विचार. बहुतेक त्या तुमच्या आजीला ओळखत असाव्यात. धाग्यावर नको, निरोपातून सांगा.

---

कट्ट्यावरची

निरोप पाठवलाय. आईला हे सांगितलं तर ती आत्ताच पदर खोचून निघायला तयार आहे.

---

जुना_प्रेक्षक

भेट झाली तर इथे नक्की लिहा. आणि आईंना आता ‘मुंबईचा जावई’ दाखवा. हिंदीतलं स्वयंपाकघर बघून त्यांना रडू आलं, मराठीतली गाणी त्यांची स्वतःची आहेत.

---

कट्ट्यावरची

या रविवारी दुपारी तोच लावतेय. आत्याही येणार आहे, जिला थंडी वाजत असताना वाकळेसकट उचललं होतं. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही की त्या रात्री तिला बाहेर का नेलं होतं. आई म्हणते, सिनेमा संपल्यावर मी सांगेन. वांग्याची भाजी करायची नाही, एवढं आत्तापासून ठरलंय. शेंगापोळ्या करणार आहोत.